एकशे पंधरा वर्षांचा मेंदू: हेनीबाईंचं प्रकरण

वयाच्या १११व्या वर्षी नेदरलँड्समधल्या एका बाईंना काळजी लागली, की आपण आता फारच म्हातारे झालो, मेल्यावर आपल्या शरीराचा डॉक्टरांना काही उपयोग होणार नाही. देहदानाचा अर्ज त्यांनी १९७२ मध्ये भरून ठेवला होता. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन होऊन फोटो भिंतीवर लागलेले असतात त्या वयाच्या. अर्जाला २९ वर्षं उलटली, तरी बाई आपल्या जिवंतच. मग त्यांनी स्वतःच विद्यापीठाशी संपर्क साधला आणि विचारलं: मी अजून चालेन का?

ख्रोनिंगन विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक खेर्ट होल्स्टेखे यांनी त्यांना कळवलं, की तुमच्या या वयामुळेच तर आम्हाला तुमच्यात जास्त रस आहे.

बाईंचं नाव हेंड्रिक्ये फान आंदेल-स्किपर. घरातलं नाव हेनी. आपण त्यांना हेनीबाई म्हणू. २००४ च्या मे महिन्यापासून मृत्यूपर्यंत त्या जगातल्या सर्वांत वृद्ध व्यक्ती म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. पण हे प्रकरण अभ्यासायचं ते त्या विक्रमासाठी नव्हे. अतिवृद्धांचे मेंदू प्रयोगशाळेत येतात तेव्हा बहुतेकदा माणूस गेलेला असतो, आणि तो शेवटच्या वर्षांत कितपत शुद्धीवर होता याची माहिती नातेवाइकांच्या आठवणींतून गोळा करावी लागते. ‘तशी आई बरी होती, थोडं विसरायची.’ यावरून काय ठरवणार? हेनीबाईंच्या बाबतीत मात्र आधी जिवंतपणी रीतसर चाचण्या झाल्या आणि मग तोच मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेला. दोन्ही टोकं एकाच माणसात जुळली.

बाई कशा होत्या

२९ जून १८९० रोजी ड्रेन्टे प्रांतातल्या स्मिल्डे या गावी त्या जन्मल्या, दिवस पूर्ण भरण्याआधी. वजन जेमतेम दीड किलोच्या आसपास. खेड्यात तेव्हा काचपेटी वगैरे कुठून असणार, आजीनं जपून जगवलं. वडील शाळेत मुख्याध्यापक, तरी मुलगी नाजूक म्हणून तिला शाळेतून काढून घरीच शिकवलं. शिवणकामात हात चांगला होता. लग्न बरंच उशिरा, चाळिशी उलटल्यावर, करखात्यातल्या डिक फान आंदेल यांच्याशी झालं. मूलबाळ झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाण्यापिण्यासाठी दागिने विकावे लागले. नवरा १९५९ मध्ये कर्करोगानं गेला. त्यानंतरची ४६ वर्षं त्या वैधव्यात जगल्या, आणि त्यातला बराचसा काळ एकट्याच, स्वतःचं घर स्वतः चालवत. १०५ व्या वर्षी त्या होखेफेन गावातल्या वृद्धनिवासात राहायला गेल्या.

मधे शंभराव्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, त्यातून त्या उठल्या.

आईसुद्धा शंभर वर्षं जगली होती, ही नोंद महत्त्वाची. कारण अशा बायकांना सगळे एकच विचारतात, ‘तुमच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?’ हेनीबाई सांगायच्या, रोज एक हेरिंग मासा आणि संत्र्याचा रस. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. ही बातमी वाचून कुणी तारल्यांचा रतीब लावला असेल तर लावू दे, मासा चांगलाच आहे. पण गावातल्या इतर हजारो लोकांनीही आयुष्यभर तेच हेरिंग खाल्लं आणि ते सत्तरी-ऐंशीत गेले, हे आपण विसरतो. आई शंभर वर्षं जगलेली असणं हे माशापेक्षा वजनदार कारण आहे. ते बाजारात मिळत नाही, एवढंच.

चाचण्या

हेनीबाई ११२ आणि ११३ वर्षांच्या असताना त्यांची मेंदूची तपासणी आणि मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या. आता अडचण बघा. चाचणीत मिळालेले गुण बरे की वाईट हे ठरवायला त्याच वयाच्या लोकांची सरासरी लागते. ११२ वर्षांच्या माणसांची सरासरी आणायची कुठून? वर्गात विद्यार्थी एकच असेल तर पहिला नंबर कुणाचा? म्हणून तुलना केली ती ६० ते ७५ वयाच्या निरोगी माणसांशी. निष्कर्ष असा निघाला, की स्मरणशक्तीत किंवा लक्ष देण्यात दखल घ्यावी असा दोष नाही, स्मृतिभ्रंशाचं चिन्ह नाही, आणि एकूण कामगिरी त्या ६० ते ७५ वाल्यांच्या सरासरीपेक्षा सरस. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण देशोदेशीचं राजकारण आणि खेळ यांत बाईंना पुरेपूर रस होता. आयाक्स या अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटबॉल संघाच्या त्या कट्टर चाहत्या होत्या.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की तो जणू निसर्गाचा नियमच वाटतो. या बाईंची साठी १९५० मध्ये झाली होती.

वयाच्या पुराव्याचंही सांगायला हवं. अतिवृद्धांच्या अभ्यासात पहिला खोडा इथेच पडतो. नेदरलँड्समध्ये जन्माची सरकारी नोंद एकोणिसाव्या शतकापासून नीट ठेवलेली आहे, त्यामुळे १८९० हे साल कागदावर पक्कं होतं. आपल्याकडे ‘मोठ्या प्लेगात मी रांगत होते’ एवढ्यावर पणजीचं वय ठरतं. पुढच्या पिढीत त्यात पाच-दहा वर्षं कुणीतरी प्रेमानं मिसळतं.

मेंदू उघडल्यावर

३० ऑगस्ट २००५ रोजी होखेफेनच्या वृद्धनिवासात हेनीबाई झोपेतच गेल्या. वय ११५ वर्षं ६२ दिवस. शवविच्छेदनात पोटात कर्करोग सापडला. मृत्यूचं कारण तेच, पण जिवंतपणी त्याचं निदान झालेलं नव्हतं.

आता मेंदू. अल्झायमरच्या आजारात दोन गोष्टी शोधतात. एक, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं, ही मेंदूच्या पेशींच्या बाहेर साचतात. दुसरी, टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते, हे पेशींच्या आत होतात, दोऱ्याचं रीळ सुटून गुंता व्हावा तसे. टाऊचे गुंते मेंदूत ठरावीक वाटेनं पसरतात आणि त्या वाटेचे सहा टप्पे मानले आहेत. हेनीबाईंच्या मेंदूत अमायलॉइड जवळजवळ नव्हतंच. टाऊ होतं, पण सहापैकी फक्त दुसऱ्या टप्प्यापर्यंत. विचारशक्तीवर परिणाम व्हावा इतकं ते काहीच नव्हतं.

मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक ठिपका असतो, त्याला लोकस सेरुलियस म्हणतात. जाग आणि सावधपणा यांच्याशी त्याचा संबंध आहे, आणि टाऊची सुरुवात ज्या जागी सर्वांत आधी दिसते त्यांपैकी ही एक. अल्झायमरमध्ये इथल्या पेशी मोठ्या संख्येनं मरतात. संशोधकांनी त्या मोजल्या. संख्या निघाली ती ६० ते ८० वर्षांच्या निरोगी माणसात असते तेवढी.

आणखी एक गोष्ट सापडली, मला तीच अधिक बोलकी वाटते. मेंदूतल्याच नव्हे, तर सबंध शरीरातल्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जवळजवळ नव्हते. म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश म्हटलं की लोकांना अल्झायमरच आठवतो. प्रत्यक्षात रक्तपुरवठा तुटून, बारीकबारीक झटक्यांनी मेंदूचे तुकडे निकामी होत जाणं हेही मोठं कारण असतं, आणि पुष्कळ वृद्धांत दोन्ही एकदम असतात. हेनीबाईंच्या मेंदूपर्यंत जाणारे नळच साफ होते.

हा अहवाल २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. ११५ वर्षांच्या मेंदूत आजार नाही, हे त्यातलं सांगणं. पुढे याच प्रकरणातून हेन्ने होल्स्टेखे या संशोधिकेनं २०१३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला शंभरी पार केलेल्या, बुद्धी शाबूत असलेल्या लोकांचा मोठा अभ्यास सुरू केला.

मग नियम कोणता?

इथे थोडं थांबून आकड्यांशी भांडायला हवं. कारण एका हेनीबाईवरून ‘वयाचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध नाही’ असं म्हणणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून तिकिटं विकण्यासारखं आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये निवृत्तांच्या एका वसाहतीत नव्वदी ओलांडलेल्यांचा अभ्यास २००३ पासून चालू आहे. ज्यांना स्मृतिभ्रंश नव्हता अशांना त्यांनी वेळोवेळी तपासलं. ९० ते ९४ या वयात वर्षभरात १०० पैकी सुमारे १३ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ९५ ते ९९ मध्ये २१ जणांना. शंभरीपुढे ४१ जणांना. धोका दर साधारण पाच वर्षांनी दुप्पट होतो, आणि नव्वदीनंतरही तो चढतच राहतो.

हा शेवटचा दर धरून आपला घरगुती हिशेब करून पाहू. शंभराव्या वर्षी बुद्धी शाबूत असलेले १०० जण घ्या आणि मृत्यू बाजूला ठेवा. पाच वर्षांनी त्यातले ७ उरतात. दहा वर्षांनी अर्धा माणूस. पंधरा वर्षांनी, म्हणजे हेनीबाईंच्या वयाला, कुणीच नाही. म्हणजे या हिशेबानं हेनीबाई असायलाच नको होत्या.

त्या होत्या, म्हणजे हा दर सगळ्यांना सारखा लागू नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. शंभरीत ज्यांची बुद्धी ठणठणीत होती अशा तीनशेहून अधिक जणांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पुढच्या एक-दोन, काहींच्या बाबतीत चार वर्षांत त्यांची कामगिरी बरीचशी स्थिर राहिली. स्मरणशक्ती तेवढी किंचित उतरली. म्हणजे ‘शंभरीतला माणूस’ हा एक गट नाहीच. एक जमाव घसरणीला लागलेला, आणि त्यात मिसळलेली काही माणसं वेगळ्याच जातकुळीची. सरासरी काढली की ही माणसं पुसली जातात.

सिस्टर मेरी

हेनीबाईंच्या शेजारी दुसरं एक प्रकरण ठेवल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक जोगिणींचा अभ्यास डेव्हिड स्नोडन या संशोधकानं केला. त्यात सिस्टर मेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एक शिक्षिका होत्या. त्या १०१ व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण. ३० गुणांची जी नेहमीची चाचणी असते तिच्यात त्या २७-२८ मिळवत. मेंदू पाहिला तेव्हा मात्र अल्झायमरची पुटं आणि गुंते दोन्ही भरपूर.

एकीच्या मेंदूत आजार नाही आणि बुद्धी शाबूत. दुसरीच्या मेंदूत आजार आहे आणि तरी बुद्धी शाबूत. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात याच्या उलटही भरपूर दिसलं: स्मृतिभ्रंश झालेल्या नव्वदीपारच्या कितीतरी जणांच्या मेंदूत तो समजावून सांगेल इतका अल्झायमर नव्हता. त्यातल्या काहींचं उत्तर आता मिळतंय. अल्झायमरसारखीच लक्षणं देणारा, पण टीडीपी-४३ नावाच्या वेगळ्याच प्रथिनानं होणारा आजार २०१९ मध्ये ‘लेट’ या नावानं ओळखला जाऊ लागला. तो प्रामुख्यानं ऐंशीपुढचाच.

म्हणून नव्वदीतल्या माणसाच्या कागदावर ‘अल्झायमर’ असा एकच शब्द लिहिलेला दिसला की मी जरा साशंक होतो. त्या वयात मेंदूत बहुधा तीन-चार गोष्टी एकत्र नांदत असतात.

आपल्या घरातली आजी

भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये आला. त्यासाठी वापरलेल्या चाचण्यांतल्या एकीची जन्मकथा हेनीबाईंच्या चाचणीशी जुळणारी आहे. नेहमीच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करत जायचं, एक वाक्य लिहायचं, आकृती उतरवायची असं असतं. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत, जिथे म्हातारी माणसं शाळेतच गेलेली नव्हती, तिथे ही चाचणी कुणाची बुद्धी मोजणार? म्हणून १९९० च्या दशकात तिचं हिंदी रूप घडवलं. शंभरातून सात ऐवजी वीसमधून तीन. ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून तसं करण्याऐवजी ‘माझ्याकडे बघून मी करतो तसं करा’.

आपल्या घरात ही चूक रोज होते. आजीला तारीख सांगता येत नाही, म्हणून नातू गंभीर होतो. आजीला आज दशमी आहे, उद्या एकादशी, साबुदाणा भिजत घालायला हवा, हे व्यवस्थित ठाऊक असतं. उलट तीस वर्षं ज्या हातानं आमटीला फोडणी दिली त्याच बाईला मोहरी आधी की हिंग आधी हे कळेनासं झालं, तर तिला तारीख आली तरी दवाखाना गाठायला हवा. मोजायचं ते तिच्या कालच्या स्वतःशी.

दुसरी चूक याहून महाग पडते. परवापर्यंत बरे असलेले पंच्याण्णव वर्षांचे आजोबा एका रात्रीत भलतंच बोलू लागतात, माणसं ओळखत नाहीत, अंथरूण चाचपतात. जुनी माणसं म्हणायची, वात झालाय. ती ओळख बरोबर होती: अचानक आलेलं हे बरळणं स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम घसरणं, लघवी तुंबणं, नव्यानं सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, यांतलं काहीतरी बहुतेकदा मागे सापडतं, आणि ते सापडलं तर उतारही पडू शकतो. ‘वय झालं आता’ म्हणून दोन दिवस वाट पाहण्यात नेमके तेच दोन दिवस जातात. सावकाश आलेल्या विसराळूपणातही थायरॉइड, बी-१२, मनाची उदासी आणि कान यांची तपासणी आधी. कान तर फारच. ऐकू न आलेली गोष्ट लक्षात राहत नाही, आणि घरचे म्हणतात विसरते. ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका म्हणूनही आता मानला जातो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये असे १४ धोके मोजले: रक्तदाब, मधुमेह, कमी शिक्षण, एकटेपणा, दृष्टी जाणं वगैरे. हेनीबाईंचे साफ नळ त्यांना बऱ्याच अंशी आईकडून मिळाले असावेत. आपल्याला ते रक्तदाबाच्या गोळीनं जमेल तेवढे राखता येतात.

दोन पेशी

हेनीबाईंचं काम २००८ च्या अहवालानं संपलं नाही. देहदान केलेलं असल्यानं त्यांचं रक्त आणि ऊती जपून ठेवल्या होत्या, आणि २०१४ मध्ये त्यांवर दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी माणसाच्या अस्थिमज्जेत असतात, आणि हे काम एरवी अशा कितीतरी पेशींत वाटलेलं असतं. हेनीबाईंच्या पांढऱ्या पेशींत आयुष्यभरात साचलेले सुमारे ४५० जनुकीय बदल मोजले तेव्हा लक्षात आलं, की त्यातल्या बहुतेक पेशी अवघ्या दोन मूळ पेशींच्या वंशातल्या आहेत. बाकीच्या वापरून संपल्या असाव्यात. गुणसूत्रांच्या टोकांना जी टोपणं असतात आणि पेशी विभागली की झिजतात, ती त्यांच्या पांढऱ्या पेशींत मेंदूतल्या पेशींपेक्षा १७ पट आखूड झाली होती.

मेंदूच्या पेशी जन्मानंतर फारशा विभागत नाहीत, त्यामुळे त्यांची टोपणं शाबूत. रक्त रोज नवं बनवावं लागतं, ते दोन पेशींवर येऊन ठेपलेलं. शेजारी पोटात कुणाला न कळलेला कर्करोग. आणि वर, दोन महिन्यांपूर्वी ११५ वा वाढदिवस झालेल्या या बाईंना आयाक्सची खबरबात अजून ठाऊक होती.